नेहमीचंच

१

डेरिक ऑल्सॉपला भूक लागली, ही त्या वर्षातली पहिली चांगली बातमी होती.

हिवाळ्यात न्यूमोनियानं त्याला असं काही पिळून काढलं होतं, की कॅनडात, हॅमिल्टन शहरातल्या घरी ताट समोर आलं की हा माणूस पाहुण्यासारखे दोन घास चिवडायचा आणि "छान झालंय हं" म्हणून ताट सरकवायचा. ऑड्रीनं सूप केलं, मटण भरून भाजलेला पाई केला, डॉक्टरनं भूक लागायच्या गोळ्या दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ऑड्रीच म्हणाली, "चल, तुझ्या गावाला जाऊ. लहानपणी जिथं खाल्लंस तिथं तरी खाशील." लॉर्ना, त्यांची मुलगी, लगेच विमानाची तिकिटं काढून मोकळी झाली. डेरिक बाविसाव्या वर्षी यॉर्कशायरचा किनारा सोडून कॅनडाला गेला, तो आई वारली तेव्हासुद्धा परतला नव्हता. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ करता करता केस पिकले.

तर रॅव्हन्सबीच्या धक्क्यावर, तळणाच्या वासात, डेरिकनं नाक वर केलं आणि म्हणाला, "ऑड, मला भूक लागलीये गं." ऑड्रीला वाटलं, इथंच रस्त्यात नाचावं.

माशाच्या दुकानात ही रांग. यांचा नंबर आला तेव्हा काउंटरमागच्या पोरीनं मान वर केली. गोबरे गाल, एकेका कानात चार-चार बाळ्या. डेरिककडं बघून हसली आणि म्हणाली, "काय राजा, नेहमीचंच ना?"

डेरिकनं मागं वळून पाहिलं. मागं बाबागाडी घेतलेली एक बाई होती. म्हणजे प्रश्न त्यालाच होता.

आता या लोकांची खोड तुम्हाला ठाऊक असेलच. इंग्रज माणसाच्या पायावर कुणी पाय दिला तर सॉरी हाच म्हणतो. हॉटेलात दुसऱ्याचं ताट पुढ्यात आलं तर निमूट खाईल, पैसे देईल, वर कौतुक करून येईल. पण समोरच्याची चूक चारचौघांत दाखवून त्याला ओशाळं करणार नाही. मेला तरी नाही. आणि डेरिक म्हणजे त्यातला मुकुटमणी.

"हो," तो म्हणाला. "नेहमीचंच."

पुडा उघडला तर आत कातडी काढलेला हॅडॉक मासा, वर तळणातला कुरकुरीत चुरा, बटाट्याच्या जाड फोडी, मीठ रगड, आणि व्हिनेगरचा एक थेंब नाही. हा माणूस घरी टोस्टवरसुद्धा व्हिनेगर घालील असा!

"अरे, मग सांगायचंस ना तिला."

"जाऊ दे गं. रांग होती मागं."

आणि त्यानं सगळं खाल्लं. तळाचा चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला. ऑड्री बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "खा रे बाबा," ती म्हणाली. "कुणी काही विचारलं तर खुशाल 'नेहमीचंच' म्हण. माझी काही हरकत नाही."

मग दोघं किल्न लेनची चढण चढून त्याचं घर बघायला गेली. घर नव्हतंच. या किनाऱ्याची मातीच भुसभुशीत. समुद्र खालून कुरतडत येतो आणि दर हिवाळ्यात एखादं परसू घेऊन जातो. गल्ली एका तारेच्या कुंपणाशी संपली होती, धोक्याची पाटी होती, आणि पलीकडं जिथं स्वयंपाकघर असायला हवं होतं तिथं नुसती हवा आणि कर्कश ओरडणारे समुद्रपक्षी. डेरिक कुंपणाला हात लावून उभा राहिला. ऑड्रीनं त्याचा दंड धरून त्याला हळूच वळवलं.

खाली उतरता उतरता तिच्या मनात आलं, ती बाळ्यांवाली पोर फार तर पंचविशीची असेल. हिचा जन्मही नव्हता डेरिक इथून गेला तेव्हा. मग स्वतःशीच म्हणाली, असेल कुणीतरी याच्यासारखा दिसणारा. या वयात सगळे म्हातारे सारखेच दिसतात.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बेरिलच्या कॅफेत तर कुणी विचारलंसुद्धा नाही. बेरिल म्हणजे एवढं मोठं धूड, ॲप्रनला हात पुसत आली आणि डेरिकपुढं बशी ठेवली. मोहरी लावून परतलेल्या किडन्या, खाली टोस्ट, टोस्टच्या कडा कापलेल्या.

"मऊच दिलंय," ती म्हणाली. "काय म्हणतेय दाढ?"

डेरिक गडबडला. शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे काळजीनं त्याच्याकडं बघत होते.

"कमी आहे आता," डेरिक म्हणाला.

"काढून टाक म्हणते मी. पण तू कसला ऐकतोयस! मुलखाचा भित्रा." आणि ती हसत ऑड्रीकडं वळली. "तुम्हाला काय देऊ, बाई?"

ऑड्रीनं अंडं मागवलं आणि डेरिककडं बघून डोळे मिचकावले. किडनी आणि डेरिक! लग्नाआधी, कॅनडाला जाण्याच्याही आधी, तो तिच्या आईकडं, दक्षिणेत केंटला, पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा आईनं किडनीचा पाई केला होता. बिचाऱ्यानं एकेक तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला होता आणि घरी जाईपर्यंत कोटाची वाट लागली होती. ती गोष्ट त्यांच्या घरात दर नाताळला निघायची.

डेरिकनं काटा उचलला आणि खाऊ लागला. चावत होता उजवीकडून, जपून. बशी पुसून घेतली.

"कशी काय गेली रे?"

"वाईट नसते गं. सवय होते."

"कधी झाली सवय?"

त्यानं विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "आता... बरेच दिवस झाले," तो म्हणाला आणि चहा ओतू लागला.

दुपारी लॉजच्या खोलीवर तो गाल धरून बसला. डावीकडची, सगळ्यात मागची दाढ ठणकत होती. ऑड्रीला हसूच आलं. "अरे वेड्या, ती काढलीये तुझी! लॉर्नाच्या वेळेला मी सात महिन्यांची पोटुशी होते आणि मीच गाडी चालवत तुला घरी आणलं. रक्त बघून तूच आडवा झालास."

"मग दुखतंय काय?"

"बघू. आ कर."

तिनं त्याला खिडकीशी नेलं, हनुवटी वर केली. तिला दाढ दिसली. पिवळी, जरा आत झुकलेली, मध्ये काळं पडलेलं जुनं भरण. तिथं हिरडी असायला हवी होती. तिनं बोट लावून पाहिलं. दाढ हलली आणि डेरिक कळवळला.

ऑड्री बराच वेळ हात धूत राहिली. उजवी आणि डावी यांत आपला घोळ होत असेल. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस स्वतःच्या लग्नाचा वार विसरतो, तिथं नवऱ्याच्या दाढेचं काय घेऊन बसलीस, असं ती स्वतःला म्हणाली. पण साबण हातातून सारखा निसटत होता.

३

थ्वेट खाटकाचे डुकराचं मांस भरलेले पाई पंचक्रोशीत प्रसिद्ध. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. हे दोघं आत शिरतात तोच थ्वेट सुरी खाली ठेवून ओरडला, "डेरिक! मंगळवारच्या वाऱ्यात छप्पर टिकलं का रे तुझं?"

"टिकलं," डेरिक म्हणाला.

ऑड्रीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. कसलं छप्पर? कुठलं?

"आणि घरची? बरी आहे का?"

"बरी आहे."

"आणि या कोण? थांब थांब, सांगू नकोस. नाकावरूनच कळतंय. कॅनडाची बहीण!"

सगळं दुकान हसलं. थ्वेट तर असा खूश झाला होता, जणू लॉटरी लागली. डेरिकला सख्खी काय, चुलतबहीणसुद्धा नव्हती. ऑड्री त्याच्याकडं बघत होती. आता म्हणेल, आता म्हणेल.

"हो," डेरिक म्हणाला. "आलीये थोडे दिवस."

बाहेर आल्यावर ती फाटकन बोलली. "मी बहीण? लाज नाही वाटत?"

"अगं, केवढा आनंद झाला होता त्याला ओळखलं म्हणून."

"आणि ही घरची कोण?"

"मला काय माहीत? तो म्हणाला बरी आहे का, मी म्हटलं बरी आहे. माणसाला असं तोंडावर विचारायचं का, कोण घरची म्हणून?"

"आत जा. आत्ताच्या आत्ता. सांग त्याला, ही माझी बायको आहे."

डेरिक गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवला, काचेतून आत पाहिलं, आणि परत आला. "गिऱ्हाईक आहे गं आत," तो म्हणाला. "उद्या सांगू."

धक्क्यावरच्या बाकावर बसून त्यानं पाई खाल्ला. वरचं कुरकुरीत आवरण, आतली थिजलेली जेली, सगळं चवीनं. गालावर रंग आला होता. बायकोनं हिवाळ्यापासून ज्यासाठी नवस बोलायचे तेवढे बोलले, ते समोर घडत होतं, आणि तिला मात्र घास गिळवेना.

संध्याकाळी जेवून आले. ऑड्री दात घासून बाहेर येते तो डेरिक उशी आणि पांघरूण घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत मुक्काम थाटत होता.

"हे काय चाललंय?"

"तू झोप पलंगावर. मला चालतं इथं."

"दुपारचं मनावर घेतलंस होय? बरं बाबा, चुकलं माझं. ये इकडं."

तो अवघडून हसला. ते हसू तिनं ओळखलं. दुकानातल्या अनोळखी बायकांसाठी ठेवलेलं हसू. "नको गं. बरं दिसत नाही. आपली आई असती तर काय म्हणाली असती?"

"तुझी आई, डेरिक. माझी आई केंटला वारली. माझ्या आईनं तुला किडनी खायला घातली होती. आठवतंय ना?"

"हो," तो म्हणाला. पण ते हो बेरिलला म्हणाला होता तसलं होतं. ऑड्रीला त्या क्षणी आपल्या नवऱ्याची भीती वाटली. उभ्या संसारात पहिल्यांदा.

४

शनिवारी तिनं टॅक्सी शोधली. गावात टॅक्सी एकच, ती लग्नाच्या वऱ्हाडासाठी गेलेली. "उद्या दुपारी जेवणानंतर 'प्लाऊ' पबपाशी येतो," टॅक्सीवाला फोनवर म्हणाला. आजची आगगाडी गेलेली, आणि रविवारी नव्हतीच. म्हणजे आणखी एक दिवस काढायचा. इथून बाहेर पडलं, यॉर्क गाठलं, की हा ताळ्यावर येईल. म्हातारपणी माणसं भ्रमतात, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मावशीला शेवटी आरशातली बाई शेजारीण वाटायची. तसंच असणार. पण डॉक्टरकडं नेऊन सांगायचं काय? नवऱ्याला दाढ उगवली म्हणून?

आणि दुसरा एक विचार होता, तो ती जवळ येऊ देत नव्हती. कुणी विचारतं, हा हो म्हणतो. आणि एकदा हो म्हटलं की तसं होतं. छे, हे काय बाई! असं कधी असतं का?

तरी तिनं त्याला समोर बसवलं. "डेरिक, नाही म्हण."

"कशाला?"

"नुसतं म्हणून दाखव. मी विचारते. तू रॅव्हन्सबीला राहतोस का?"

तो घुटमळला. "तुला काय वाटतं?"

"मला नको विचारूस! नाही म्हण. दोन अक्षरं आहेत."

"बरं," डेरिक म्हणाला.

"बरं नव्हे रे! नाही!" ती ओरडली आणि तो दचकून खुर्चीत मागं सरकला. त्याच्या डोळ्यांत दया होती. ती बघून ऑड्रीला रडू फुटलं.

तेवढ्यात लॉर्नाचा फोन आला. ऑड्रीनं डोळे पुसले, फोन त्याच्या हातात दिला. मुलीचा आवाज ऐकून तरी. डेरिक मजेत बोलत होता. मासे, हवा, बेरिलच्या किडन्या. मग त्यानं आवाज उतरवला, काहीतरी हळू बोलला, आणि फोन परत दिला.

"आई," लॉर्ना म्हणाली, "बाबांना काय झालंय?"

"का गं?"

"मला म्हणाले, आईची काळजी घे हो पोरी. तुझे बाबा गेल्यापासून ती फार एकटी पडलीये. भला माणूस होता." लॉर्ना हसायचा प्रयत्न करत होती. "हा विनोद आहे का? आई? अशी गंमत मला नाही आवडत."

ऑड्री म्हणाली, "गंमतच असेल गं." आणि म्हणताक्षणी तिनं जीभ चावली.

५

रविवारी पहाटेपासून समुद्रावरून धुकं आलं होतं. या किनाऱ्यावर ते उन्हाळ्यातही येतं, ओल्या पांघरुणासारखं गावावर पडून राहतं. ऑड्री जागी झाली तेव्हा उजाडलं होतं आणि खुर्ची रिकामी होती. उशी नीट थोपटून ठेवलेली.

ती स्लिपरांवरच निघाली. कुठं जायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. किल्न लेन चढताना दम लागत होता, आणि ती मनात एकच गोष्ट घोकत होती: कुंपण आहे. तारेचं कुंपण आहे, त्याला धरून तो उभा असेल.

कुंपण नव्हतं. गल्ली सरळ पुढं जात होती. दोन्ही बाजूंना बुटक्या भिंती होत्या, भिंतींतून गवत उगवलं होतं, आणि धुक्यात कोळशाच्या धुराचा वास येत होता. पुढं एक घर होतं. छप्पर शाबूत होतं.

डेरिक फाटकाशी उभा होता, कडीवर हात ठेवून. रोज उघडतो त्या कडीवर माणूस जसा न बघता हात ठेवतो, तसा.

खिडकीत दिवा होता. आत एक बाई टेबल मांडत होती. ऑड्रीला तिची पाठ दिसली, बांधलेले केस दिसले, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या दिसल्या. एक ताट ठेवलं. दुसरं ठेवलं. काटे-सुऱ्या सरळ केल्या, फार प्रेमानं, बोटानं ढकलून ढकलून. मग तिला चाहूल लागली असावी. ती खिडकीशी आली. काच वाफेनं धूसर होती. आतून एक तळवा वर आला आणि त्यानं काच पुसली, हळूहळू, गोल गोल.

पुसलेल्या जागेतून ऑड्रीला चेहरा दिसला नाही. समुद्र दिसला. राखाडी, वरखाली होणारा, मैलोगणती समुद्र. त्या घराला मागची भिंत नव्हती. मागं काहीच नव्हतं. आणि तळवा अजून काच पुसतच होता.

ओढून नेलं तर तो येणार नाही, हे तिला कळत होतं. या माणसाला आता एकच गोष्ट हलवू शकेल.

"डेरिक," ती शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाली, "प्लाऊमध्ये आज बीफचा रोस्ट आहे. उशीर केला तर बरोबरचं पुडिंग बसेल."

कडीवरचा हात थांबला. त्यानं मान वळवली.

"कांद्याची ग्रेव्ही आहे का?"

"आहे. भरपूर."

"मग चल की," डेरिक म्हणाला. "भूक तर लागलीच आहे."

ती त्याचा हात धरून उतरली. एकदाही मागं पाहिलं नाही. पाठीमागं, वर कुठंतरी, दार उघडल्याचा आवाज झाला आणि हाक मारण्याआधी घेतात तसा कुणीतरी श्वास घेतला. ऑड्री त्या वयात, त्या स्लिपरांवर, पळत सुटली.

६

प्लाऊ भरलेला होता. ताटांचे, काट्यांचे, हसण्याचे आवाज, विस्तवाची ऊब. ऑड्रीनं सामान आणून दाराशी ठेवलं होतं. टॅक्सी आली की निघायचं. तोवर कुणाला याच्याशी बोलू द्यायचं नाही. कुणी बोललंच, तर त्याच्याआधी आपण बोलायचं. तमाशा झाला तर होऊ दे. आयुष्यभर नाही केला, आज करू.

इकडच्या रीतीप्रमाणं आधी नुसतं पुडिंग आलं, गोड नव्हे, मैद्या-अंड्याचं, ताटाएवढं फुगलेलं, मधल्या खळग्यात ग्रेव्ही. डेरिकनं डोळे मिटून पहिला घास घेतला. मग मांस आलं, भाजलेले बटाटे आले, मुळ्यासारखी झणझणीत चटणी आली. तो खात होता, सावकाश, तब्येतीत. येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर थाप मारत होता. "काय डेरिक!" "बरंय ना डेरिक?" तो मान हलवत होता. प्रत्येक मान हलवण्यासरशी ऑड्रीला वाटत होतं, हा एकेक पायरी खाली उतरतोय.

बारच्या टोकाकडून एक म्हातारा ओरडला, "डेरिक, आज घरची नाही आली? बहिणीला घेऊन आलास?"

डेरिकनं तोंड उघडलं.

ऑड्री उभी राहिली. खुर्ची मागं आपटली. "ऐका सगळे!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी बहीण नाही. मी याची बायको आहे. हा इथं राहत नाही. हा कॅनडात राहतो, माझ्याबरोबर. आम्हाला मुलगी आहे. ते घर समुद्रात पडलंय आणि तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे!"

काटे थांबले. सगळ्यांनी नजर आपापल्या ताटात घातली. एक बाई कोबीची पानं मोजल्यासारखी निरखू लागली. त्या शांततेनं ऑड्रीचे कान तापले. रस्त्यात लुगडं सुटावं तशी तिला शरम वाटली. पण ती बसली नाही.

"डेरिक, सांग त्यांना. एकदाच सांग. नाही म्हण."

डेरिकचा चेहरा लाल झाला होता. कपाळावर घाम आला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत तो होता, तिचा डेरिक, खोल विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस वर बघतो तसा. ओठ हलले. ते दोन अक्षरांतल्या पहिल्या अक्षरावर आले. "ना..." तो म्हणाला. ऑड्रीनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "हो, म्हण राजा, म्हण. बोल."

तेवढ्यात तिच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. पबची मालकीण होती, हेझेल. साठीची, मायाळू तोंडाची. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"बसा हो, बसा," ती हळूच म्हणाली. "कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. डेरिकनं आम्हाला सगळं सांगितलंय. तुमचे मिस्टर गेल्याचं कळलं. फार वाईट झालं हो. किती सोसलंत."

ऑड्रीला लहानपणापासून शिकवलेलं होतं. सात वर्षांची असताना आजीच्या मयताच्या दिवशी आईनं तिला दारात उभं केलं होतं: येणारा माणूस काहीही बोलला तरी आपण एकच म्हणायचं. रडू आलं तरी म्हणायचं, राग आला तरी म्हणायचं. त्यात मनाचं काही काम नसतं. तोंडच म्हणतं.

"थँक्यू," ऑड्री म्हणाली.

हातातले हात सैल झाले. हेझेलनं तिला खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपला रुमाल पुढं केला. चांगले वाटत होते. चेहऱ्यावर रंग होता, खाऊन-पिऊन सुखी दिसत होते.

"रड," ते म्हणाले. "बरं वाटेल."

ऑड्री त्यांच्याकडं बघत राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं, आत्ता, लगेच, पण ते काय होतं ते हाती येईना. त्याऐवजी तिला हॅमिल्टनचं चर्च आठवलं. तिला त्या हिवाळ्यातला बर्फ आठवला. जमीन इतकी गोठली होती, की खणायला यंत्र आणावं लागलं होतं. शवपेटीवरची पांढरी फुलं आठवली, आणि लॉर्नाचा काळा कोट, मैत्रिणीकडून आणलेला, बाह्या लांब असलेला. पोर सारखी बाह्या वर सारत होती.